लाल पिंपापासून पांढऱ्या पिंपापर्यंत

श्रावणने खोटं सांगितलं ते एकाच शब्दाचं. पण तो शब्द सरकारी कागदावर शाईने उतरला आणि आता तो काही केल्या पुसता येईना.

झालं ते असं. केळझरच्या डोंगरामागच्या धरणावर रविवारी नागपूर-वर्ध्याची माणसं डबे घेऊन फिरायला येत. त्यांना पाण्यावर फिरवावं म्हणून खात्याने आठ माणसांची पांढरी मोटारबोट आणली. तिच्याबरोबर आलेला ड्रायव्हर इथल्या डासांना आणि शिळ्या भाजीला कंटाळून दोन महिन्यांत पळाला. अकरा वर्षं धरणावर मस्टरवर, म्हणजे रोजंदारीने, राबणाऱ्या श्रावणने तोवर इंजिनाची दोरी ओढण्यापासून दांडा फिरवण्यापर्यंत सगळं नजरेनेच उचललं होतं. मग चार महिने बोट त्यानेच चालवली, आणि कागदावर मात्र तो गवत कापणाराच राहिला. एकोणऐंशीच्या एप्रिलात वरून पत्र आलं. परवान्याशिवाय बोट चालवायची नाही, पंधरा मेला परीक्षा, पास होणाऱ्याला कायमची नोकरी. त्याच पत्रात खाली आणखी एक ओळ होती, की जूनपासून मस्टर बंद. म्हणजे परवाना मिळाला तर नोकरी, नाही तर पावसाळ्याच्या तोंडावर घरी.

अर्ज भरायचं काम धरणावरचे कारकून रूपराव यांच्याकडे होतं. रूपराव म्हणजे चिचघाटच्या पाटलांचे धाकटे चिरंजीव. चिचघाट, श्रावणचंही गाव, पंधरा वर्षांपूर्वी या धरणात बुडालं आणि सगळं गाव वर माळावर येऊन बसलं. पाटीलकी गेली, पण रूपरावांची खुर्चीत बसायची ढब तीच राहिली. दारात सात-आठ मजूर उभे होते. रूपराव चष्म्यावरून बघत एकेक रकाना वाचत होते.

"सातवी पास?"

"हो जी. दाखला आनला."

"नजर?"

"वर्ध्याच्या डाक्टरनं लिहून देल्लं."

"पोवता येते?"

श्रावणला पाण्याची एवढी भीती, की बोटीत चढताना तो आधी दोन्ही हातांनी काठ धरायचा. पण सात-आठ जण मागे उभे. त्यातला एक आधीच हसत होता.

"येते जी," श्रावण म्हणाला.

रूपरावांनी मान वर करून त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग 'होय' असं ठळक लिहिलं आणि शाई सुकायला कागद बाजूला ठेवला.

घरी आला तेव्हा त्याची बायको पंचफुला चूल सारवत होती. सारवता सारवताच तिने विचारलं, "भरला अर्ज?"

"भरला. शंभर फूट पोवून दाखवा लागते म्हनते."

तिचा हात थांबला. "अन् तुमाले?"

"नाई येत."

"मंग काऊन होय म्हनलं जी तुमी? जीव वर आला काय?"

"साऱ्याइसमोर इचारलं त्यानं. नाई म्हनलो असतो त अर्ज तिथंच फाडला असता."

कोपऱ्यात त्याची आई भागीरथाबाई तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "कुठं शिकनार होता तो? इहीर पाटलाची, डोह कुनब्याइचा. आपलं पोट्टं पान्यात उतरलं की गोटे मारे. खालच्या अंगाले घोट्याएवढं पानी, त्याच्यात काय पोवते मानूस?"

"आता गोटे मारनारं कोनी नाई, आत्याबाई," पंचफुला म्हणाली. "आता बुडू देनारे हायेत." आणि तिने सारवणाचं फडकं जोरात पिळलं. ती रागावली की रडत नसे, वस्तू पिळायची. त्या दिवशी तिने ते फडकं तीनदा पिळलं.

धरणात जाळी टाकणारा रामाजी ढिवर श्रावणचा जुना बोलाचालीतला माणूस. साठी उलटलेला, दातांचा पत्ता नाही, पण पाण्यात उतरला की विशीतला. परवाना खरा त्यालाच मिळायचा, पण तो शाळेच्या दारातसुद्धा कधी उभा राहिला नव्हता. श्रावणने त्याला सगळं खरं सांगितलं. रामाजी हसला नाही, ही त्याची मेहेरबानी.

"दुपारी येजो," तो म्हणाला. "बारा-एकले. तवा कुत्रं बी येत नाई तिकडं."

एप्रिल-मे महिन्यातलं वर्ध्याकडचं दुपारचं ऊन म्हणजे सांगायची सोय नाही. काठावरची माती पायाला चटके देत होती. रामाजीने रॉकेलचा रिकामा डबा आणला होता. त्याचं तोंड डांबराने बंद केलेलं. तो त्याने श्रावणच्या पाठीवर सुंभाने करकचून बांधला. तीस वर्षांचा बाप्या पाठीवर डबा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि काठाकडे बघू लागला. वर आग आणि पोटऱ्यांना गारवा.

"आंग टाक," रामाजी म्हणाला.

"कुठं टाकू?"

"पान्यावर टाक बाप्पा, आनखी कुठं? डबा बुडू देत नाई तुले."

हे सगळं श्रावणच्या डोक्याला कळत होतं. अंगाला कळत नव्हतं. पाय तळ सोडायला तयार होईनात. शेवटी रामाजीने मागून येऊन त्याचे पाय ओढले आणि श्रावण तोंडावर पाण्यात गेला. नाकातून पाणी मेंदूत चढल्यासारखं झालं. डबा त्याला वर आणत होता आणि तो स्वतः हातपाय झाडून खाली जात होता. वर आला तेव्हा त्याने रामाजीच्या गळ्याला अशी मिठी मारली की म्हाताऱ्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"मले काऊन मारतं गा!" रामाजी खोकत ओरडला. "पान्याले भेव, मले नोको धरू!"

असे तीन आठवडे गेले. श्रावणच्या काखा सुंभाने सोलल्या. कानात पाणी जाऊन एक कान ठणकायला लागला, त्यात पंचफुलाने कोमट तेल सोडलं. रात्री झोपेत तो हात मारायचा आणि एकदा त्याने पाण्याचा माठच लाथेने लोटला. दोन आठवड्यांनी रामाजीने डबा सोडला तेव्हा श्रावणने त्याचे अक्षरशः पाय धरले, आणखी दोन दिवस राहू द्या म्हणून. रामाजीने डबा सरळ दूर फेकून दिला. श्रावण डब्याकडे बघत राहिला आणि तसाच, रडकुंडीला येऊन, वीस हात पोहला. त्याला कुणी पोहणं म्हटलं नसतं. पण बुडणं तर नक्कीच नव्हतं. शेवटच्या दिवशी तो काठापासून बाभळीच्या खुंटापर्यंत गेला आणि परत आला. रामाजीने दोरीने अंतर मोजलं. शंभर फुटांना थोडं कमी भरलं.

"बाकीचं भेवानं होईन," रामाजी म्हणाला.

पंधरा मेला सकाळी परीक्षेचे साहेब जीपने आले. उंच, गोरे, बोलणं पुण्याकडचं, डोक्याला पांढरी टोपी. उन्हाने त्यांचं डोकं आधीच फिरलेलं होतं. रूपरावांनी पाण्यावर तीन पिंपं तरंगत ठेवली होती, प्रत्येकावर झेंडा. लाल, पांढरा आणि हिरवा. काठावर कडुनिंबाखाली टेबल मांडलं होतं. लांब बांधावर पंचफुला आणि भागीरथाबाई बसल्या होत्या. त्यांना जवळ यायची मनाई कुणी केली नव्हती, पण त्या आल्या नव्हत्या.

"आधी पोहणं," साहेब म्हणाले.

श्रावण उतरला. पहिले चाळीस फूट त्याला आठवतात. नंतरचं नीट आठवत नाही. तोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे पिवळं झालं, मधेच वाटलं की पाय टेकवून बघावा, आणि टेकला नाही तर काय, या भीतीनेच तो पुढे सरकत राहिला. दुसऱ्या टोकाला रामाजी छातीएवढ्या पाण्यात जाळं धुण्याचं सोंग करत उभा होता. श्रावणचा हात त्याच्या खांद्याला लागला तेव्हा म्हातारा पुटपुटला, "झालं, झालं. सोड आता."

"कुत्र्यासारखा पोहतोस," साहेब म्हणाले. "पण पोहतोस. चला, बोट काढ."

श्रावणला हसू येईल असं वाटलं. बोटीचं काय, ती तर त्याच्या हातातली होती. त्याने दोरी ओढली, एका झटक्यात इंजिन बोललं. साहेब मधल्या फळीवर नकाशा उघडून बसले, त्यांच्यासमोर रूपराव. दोघांच्या अंगात बुचाची जाकिटं. मागे दांडा धरून श्रावण.

"लाल पिंपापासून पांढऱ्या पिंपापर्यंत सरळ रेषेत. वेग सारखा. मग हिरव्याला वळसा घालून परत."

लाल पिंप मागे पडलं. बोट छान चालली होती. वाऱ्याने श्रावणचे ओले केस वाळत होते. पांढरा झेंडा समोर दिसत होता. आणि अर्ध्या वाटेवर त्याच्या हाताने दांडा उजवीकडे ओढला. बोट डावीकडे गेली, एक लांब वळण घेतलं आणि पुन्हा पांढऱ्या झेंड्याच्या दिशेला लागली.

"थांब!" साहेब ओरडले. "वाकडी का घेतलीस?"

श्रावणने मागे पाहिलं. पाण्यावर बोटीची पांढरी रेघ अजून विरली नव्हती. तिला मधोमध मोठा बाक होता. आणि त्या रेघेकडे बघता बघता त्याला दिसलं, की ती वाट त्याच्या ओळखीची होती. खाली चिचघाट होतं. सरळ गेलं की मारुतीचा पार, पाटलाची गल्ली, वाडा, विहीर. आणि डावीकडून, ओढ्याच्या अंगाने, चिंचांच्या मागून गावाला वळसा घालून जाणारी वाट श्रावणच्या वस्तीची. शाळेत जायला, दळायला जायला, मयतीला जायला तीच. चार महिने सहलीच्या माणसांना घेऊन तो पाण्यावरून त्याच वाटेने जात होता. फिरायला आलेल्यांना वळणं आवडतात, कुणी विचारलं नाही. आणि त्याला स्वतःला तर आत्ता, या घडीला कळलं.

"विचारतोय मी. हात स्थिर नाही का तुझा?"

हात वळला म्हणावं तर नापास. खरं सांगावं तर कुणासमोर? समोर रूपराव बसलेले. रूपराव पाण्याकडे बघत होते. त्या बोटीत या पाण्याखाली काय आहे ते जाणणारी माणसं दोनच होती.

"साहेब," रूपराव सावकाश म्हणाले, "तिथं आमच्या वाड्याच्या भिंती हायेत पान्याखाली. बोट लागन म्हनून तो बाजूनं घेते."

"असं!" साहेबांचा आवाज एकदम निवळला. "मग हे आधी सांगायचं. पाण्याची माहिती असलेला माणूस हवा तो असा. पण नकाशात हे नाही." त्यांनी लाल पेन्सिल काढली. "इथे चारी बाजूंनी लाल झेंडे लावा. हा भाग बंद. बोट कायम बाहेरूनच जाईल." आणि त्यांनी नकाशावर जिथे चिचघाट होतं तिथे गोल काढायला घेतला.

श्रावण पास झाला होता. गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. वाड्याच्या भिंती पाण्याखाली नाहीत, हे नव्या गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. गाव उठायच्या वर्षी त्या वाड्याचा दगडन् दगड बैलबंड्यांवर लादून वर नेला गेला. लादणाऱ्यांत श्रावणचा बाप होता. रूपरावांनी हे त्याला तारायला म्हटलं की आपली गल्ली राखायला, हे देव जाणे. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. पण तो लाल गोल अर्धा पुरा झाला तसं श्रावणच्या मनात आलं, की झेंडे रोवायला उद्या आपणच येणार. आणि मग जन्मभर, नोकरी असेतोवर, पगार घेऊन बाहेरून जाणार. त्याला परीक्षेपेक्षा त्या गोलाची भीती वाटली. शूर माणसासारखं तो बोलला असं कुणी म्हणू नये. तो घाबरून बोलला.

"साहेब, तिथं भिंती नाईत."

पेन्सिल थांबली. "काय?"

"काईच नाई जी तिथं. तीन पुरुस पानी हाय नुसतं. माहा हात वळला."

साहेबांनी एकदा रूपरावांकडे, एकदा श्रावणकडे पाहिलं. त्यांचं तोंड लाल झालं. "माझा वेळ काय फुकटचा आहे? बोट मागे घे. पुन्हा लाल पिंपापासून. आता रेघभर जरी हललास तर कागद फाडतो."

बोट मागे गेली, वळली, निघाली. श्रावणने दांडा दोन्ही हातांनी धरला. तळवे घामाने निसटत होते. आठ वर्षांचा असताना एकदा सुटलेलं बकरीचं पिल्लू धरायला तो या गल्लीत शिरला होता. पिल्लू सापडलं. पण त्याचा बाप चावडीसमोर दुपारभर उन्हात डोकं उघडं ठेवून उभा राहिला आणि शेवटी जमिनीला नाक लावून घरी आला. बापाने त्याला मारलं नाही, काही बोललाही नाही. हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून निजला. आता तीच गल्ली पाण्याखालून जवळ येत होती. दांडा उजवीकडे ओढायला हात आपोआप लागला. श्रावणने कोपर बरगडीशी दाबून धरलं, इतकं की कळ निघाली. पार आला असावा. गल्ली लागली असावी. पाणी तसंच हिरवं, तसंच सपाट होतं. काहीही आदळलं नाही. त्याच्या कानात मात्र कुणीतरी हाक मारील, कोन रे तो, म्हणून, असं सारखं वाटत राहिलं.

"इथे इंजिन बंद कर," साहेब म्हणाले. "भर पाण्यात बंद पडलं तर काय करशील, बघू."

इंजिन थांबलं. अशी शांतता झाली की काठावरच्या टिटवीचं ओरडणं ऐकू आलं. बोट हळूहळू फिरत होती. श्रावणने दोरी ओढली. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा ओढली. पुन्हा. खांद्यातून वीज गेल्यासारखी कळ आली. त्याला घाई झाली होती, इथून निघायची घाई, आणि घाईने हात खोटे पडत होते. रूपराव फळीला धरून बसले होते. त्यांच्या अंगणावरच बोट तरंगत होती, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. ते एका बाजूला, पाण्याकडे न बघता बसले होते.

"पेट्रोलची चावी पाह्य, श्रावन," ते हळूच म्हणाले.

चावी बंदच होती. बंद करताना श्रावणनेच ती फिरवली होती. त्याने ती उघडली, एक श्वास घेतला आणि दोरी ओढली. इंजिन चालू झालं. पांढऱ्या पिंपापर्यंत बोट सरळ गेली, हिरव्याला वळसा घालून काठाला लागली.

कडुनिंबाखाली साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी अहवाल पुढे ओढला. हात दुखतोय म्हणून लिहायला रूपरावांना बसवलं.

"लिहा. पोहणे, समाधानकारक. यंत्राचे ज्ञान, चांगले. शेरा. उमेदवाराने पहिल्या फेरीत ठरलेला मार्ग सोडला, दुसऱ्या फेरीत तो बरोबर पार केला. पहिल्या फेरीत मार्ग सोडण्याचे कारण..." ते श्रावणकडे वळले. "काय कारण? कारण लिहिल्याशिवाय वर मंजूर होत नाही. खरं सांग."

श्रावणच्या अंगावर अजून ओली चड्डी होती. पायाखाली चिखल झाला होता.

"तो रस्ता आमाले बंद होता जी," तो म्हणाला. "गाव होतं तवा."

"लिहा. सदर रस्ता उमेदवारास पूर्वी बंद होता." रूपरावांनी लिहिलं. साहेबांनी कागद हातात घेऊन वाचला आणि कपाळाला आठी घातली. "हे अर्धवट झालं. बंद कोणी केला होता? आपल्या खात्याने? की महसूलने? कोणाच्या हुकमाने, ते नको का?"

साहेब खरंच विचारत होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं. श्रावणने रूपरावांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. उद्याही त्याला त्याच गावात राहायचं होतं, त्यांच्याच हाताखाली सही करायची होती. त्याच्याने बोलवेना. परवाना हातातून जाताना त्याला दिसत होता आणि तरीही त्याच्याने बोलवेना.

रूपरावांनी पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. चष्मा उतरवून धोतराला पुसला.

"आमी, साहेब," ते म्हणाले. "आमच्या घरानं."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग साहेबांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मग तसं लिहा."

रूपरावांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. साहेबांनी खाली सही केली आणि उमेदवाराच्या सहीची जागा बोटाने दाखवली. श्रावण सातवी पास होता. त्याने कागद उचलून शेवटची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि रूपरावांनी पुढे केलेलं पेन घेऊन तिच्याखाली आपलं नाव लिहिलं.